तीन ठिपक्यांची गरारी

चौक, ६ नोव्हेंबर १९८३

श्री. गजानन रोहेकर यांस,

तुमचा घोटा सुजला हे वाचून मला बरं वाटलं. म्हणून पत्र पुन्हा वाचलं. किक उलटी आली, पाय फेकला गेला, तीन आठवडे प्लास्टर. मग शेजारच्या टपरीवर जाऊन एक जादा चहा प्यायले. टपरीवाली मोतीबाई म्हणाली, "काय गं शकू, आज लइ खुशीत?"

"पुण्याहून पत्र आलंय."

"कुनाचं?"

"रोहेकर म्हणून एक आहेत."

कागदावर छापलेलं आडनाव बघून आधी वाटलं, पोस्टमनने दुसऱ्याचंच पत्र टाकलं. रोकड्यांचा गजा रोहेकर कधी झाला? आपला रोह्याशी संबंध एवढाच, की बाबांनी एकदा तिथून दोन जुने टायर आणले होते.

बावीस वर्षांतलं पहिलं पत्र. त्यात मी कशी आहे याची चौकशी अर्ध्या ओळीत, भाऊबीजेच्या शुभेच्छा एका ओळीत आणि गाडीबद्दल दीड पान. आपल्या घरातली भाऊबीज छप्पन साली बंद झाली. बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी. ओवाळायचं नाही म्हणून मी रडत बसले, तर तूच मला सायकलच्या दांड्यावर बसवून कर्जतपर्यंत नेलंस. येताना पंक्चर झालं आणि आपण चालत आलो. बघ, शेवटपर्यंत 'तुम्ही' लिहायचं ठरवलं होतं, पहिल्या पानावरच सुटलं.

माझी चौकशी केलीस म्हणून सांगते. गॅरेज मी चालवते. लग्न केलं नाही. बघायला यायचे ते माझी नखं बघून परत जायचे. इंजिनाचं काम असलं की खोपोलीपासून ट्रकवाले माझ्याकडे येतात, आणि पैसे देताना अजूनही आत डोकावून 'मिस्त्री कुठंय' विचारतात.

आता तुझ्या कामाचं. बाबांची लढाईतली मॅचलेस मोटरसायकल तू सगळी खोलून नव्यासारखी केलीस. इंजिन पुस्तकाप्रमाणे बांधलं, गरारीवरच्या खुणा जुळवल्या, तरी किक उलटी येते आणि कार्ब्युरेटरमधून भडका निघतो. तीन मिस्त्र्यांनी हात टेकले. सव्वीस जानेवारीला जांभळीच्या चढणीवर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे. तू सगळ्यांना सांगून बसलायस की बासष्ट साली ज्या गाडीवर ती चढण जिंकली, त्याच गाडीवर पुन्हा चढणार. आणि विचारतोस, "बाबांनी आत काय केलं होतं, तुला आठवतं का?"

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण पाठवलंस. तुझ्या शेडमधल्या अकरा जुन्या गाड्या, मधोमध तू, कमरेवर हात. खाली छापलंय: 'ही दुर्मिळ मोटरसायकल माझ्या वडिलांना एका गोऱ्या कप्तानाने भेट दिली.'

बाबांनी ती देवळालीच्या लष्करी लिलावातून भंगार म्हणून आणली. मागचं चाक नव्हतं. टाकीत उंदराचं बिऱ्हाड होतं. टाकीत खडी आणि चेनचा तुकडा टाकून ती तू आणि मी दोन बाजूंनी धरून हलवत बसायचो, आतला गंज सुटावा म्हणून. तो कप्तान तेव्हा कुठे बसला होता?

बाबांनी आत काय केलं ते मला आठवतं.

सांगणार नाही.

शकुंतला रोकडे
कोंडीराम गॅरेज, चौक


चौक, २० नोव्हेंबर १९८३

गजानन,

तुझ्या उत्तरात कप्तानाबद्दल एक शब्द नाही. मात्र गरारी पाठवलीस, 'बघून तरी सांग' म्हणून. पार्सल उघडलं.

गरारी आरशासारखी चमकत होती. त्यात मला माझं नाक दिसलं.

कोणी घासली? तूच सांगितलं असणार. तुम्हा जुन्या गाड्या जमवणाऱ्यांचं हे नेहमीचं. जे झाकणाच्या आत, तेलात, कोणाला कधी दिसायचं नाही, तेही चमकवायचं. तुझ्या माणसाने ती बफिंगच्या चाकावर धरली आणि चेहरा दिसेपर्यंत धरली.

त्यावर बाबांचे तीन ठिपके होते.

तू तेव्हा बाहेर असायचास, चाक नसलेल्या गाडीच्या सीटवर बसून तोंडाने आवाज काढत. आत दिवा मी धरायची. हात हलला की बाबा ओरडायचे, "सरल धर गं, मी काय आंधल्यागत काम करू?" त्या पावसाळ्यात त्यांनी दुसऱ्या एका मोडक्या गाडीची गरारी घेतली, दात घासून घासून या इंजिनात बसवली आणि तिला आसावर अडकवायला चावीची नवीन खाच पाडली. इंजिनात हवा कधी घ्यायची, धूर कधी सोडायचा, ठिणगी कधी पडायची, ते सगळं या एका गरारीवर. कंपनीने गाडी रस्त्यावर पळायला केली होती. बाबांना ती डोंगरावर चढायला हवी होती, वाड्यांवरचं आजारी माणूस खाली आणता यावं अशी. माणसाच्या चालीने चालवली तरी दम न सोडणारी. म्हणून तिची वेळ त्यांनी बदलली, आणि नवी वेळ कळावी म्हणून हातोडीने हलके तीन ठिपके मारले. मला दाखवले. "ह्यो खोल ठिपका कंपनीचा. त्याकडं बघायचं पन नाय. हे तीन माजं."

कंपनीचा ठिपका खोल असतो, तो राहिला. बाबांचे हलके होते, ते गेले. आणि तू उरलेल्या ठिपक्यावर इंजिन बांधलंस. किक उलटी येईल नाही तर काय?

आता कुठल्या दातासमोर कुठला दात, हे फक्त माझ्या डोक्यात आहे. पत्रातून लिहिणार नाही. गाडी इकडे पाठव. गरारी मी ठेवून घेतली आहे.

मी हे का करते आहे असं तुला वाटेल. माझी एकच मागणी आहे. बासष्ट साली ज्या चढणीखाली तू जे बोललास, त्याच चढणीखाली, त्याच लोकांसमोर, ते फिरव. ही गाडी कोणी केली आणि तो तुझा कोण, एवढं सांग. पैसे देऊ नकोस. तुझ्या चेकवर रोहेकर सही असणार, ती बघायची मला इच्छा नाही.

शकुंतला


चौक, ११ डिसेंबर १९८३

गजानन,

गाडी पोचली. तुझा पदू ड्रायव्हर टेंपो घेऊन आला. चांगला माणूस आहे. गाडी उतरवताना म्हणाला, "बाई, आमचे साहेब हिच्यावर बसत नाय. हीच साहेबांवर बसते." मोतीबाई इतकी हसली की हातातला चहा सांडला. मग गाडीजवळ येऊन तिने टाकीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हिच्यावरनंच तर आनलंवतं मला कोंडीरामदादांनी, जया आडवी आली तवा." जया तिची मुलगी. तिला आता दोन मुलं आहेत.

काम चांगलं केलंयस, हे कबूल करते. चाकांच्या तारा नीट ताणल्यास. खालचा लष्करी हिरवा रंग शोधून तोच दिलास. उंच सायलेन्सर ठेवलास, कापलेला मडगार्ड तसाच ठेवलास. मागचे खडबडीत टायर कुठून मिळवलेस देव जाणे. माझ्या मागच्या पडवीतही साडेतीन गाड्या आहेत. असलीच लष्करी भंगारं, वीस वर्षांत एकेक तुकडा करून जमवलेली. तू अकरा जमवल्यास, मी साडेतीन. आपण दोघं एकाच घरात वाढलो हे यावरून तरी कळेल कोणाला.

मी इंजिनाचं झाकण उघडलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तुझा पाय माझ्या हातात आहे.

ठिणगी जराशी लवकर पडेल अशी गरारी बसवली, की झालं. घोटा नाही, नडगी. आणि मेळाव्यात, सगळ्यांसमोर. मंगळवारी मी ती तशी बसवली. नट आवळले. हात पुसले. समोर स्टुलावर बसून तुझ्या पायाचा विचार केला. कुठल्या पायाचा, तर सायकल चालवणाऱ्या.

बुधवारी सोडवली. दयेमुळे नाही. आईला विहिरीवरून हाकलणाऱ्या त्या लोधिवलीच्या बागायतदाराची मोटार आठवते? ब्रेक गेलेली मोटार त्याने आपल्याकडेच ढकलत आणली होती. बाबांनी ब्रेक नीट करून दिले, दोनदा तपासले. मी तेव्हा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मला तो भित्रेपणा वाटला होता. अजूनही मला नक्की कळत नाही काय होतं ते. पण त्यांच्या नावाच्या पाटीखाली बसून मला ते जमलं नाही, एवढं खरं.

बासष्ट सालची तुला आठवण करून देते, कारण तू ती बदलून घेतली असशील. माणसं तसं करतात.

बाबांचा लढाईत अधू झालेला पाय, म्हणून गाडीवर तू बसलास. मुंबईच्या क्लबच्या मोठमोठ्या गाड्या मुरमात रुतल्या. तू एका दमात वर गेलास. मी इतकी ओरडले की घसा बसला. खाली आलास तेव्हा क्लबचे पारशी सेक्रेटरी वही घेऊन आले, बाजूला ते पुण्याचे कारखानदार, ज्यांनी नंतर तुला नोकरी दिली. बाबा तेलाचा डबा घेऊन पुढे आले. तुझ्या पाठीवर ठेवायला त्यांनी हात वर केला होता. मी पाहिला तो हात. कारखानदारांनी विचारलं, हे कोण? आणि तू म्हणालास, "आमचे मिस्त्री."

हात तसाच खाली आला. चेनवर गेला. बाबा म्हणाले, "साहेब, चेन सैल झालीय. जाताना हळू घ्या."

स्वतःच्या मुलाला साहेब. त्यानंतर सात वर्षं जगले, पण ते शब्द तोंडातून पुन्हा काढले नाहीत. तू गाडी घेऊन त्या माणसाबरोबर गेलास तो गेलासच. एकोणसत्तर साली तार केली, आला नाहीस. शेवटच्या आठवड्यात बाबांनी एकदाच विचारलं, "गाडीचा आवाज आला का गं?" मी म्हटलं, ट्रक आहे.

शकुंतला


चौक, २५ डिसेंबर १९८३

साहेब,

काल आलात, आमचं गॅरेज पावन झालं.

आधीच्या पत्राचं उत्तर द्यायला स्वतः येशील असं वाटलं नव्हतं. गाडी थांबली, तू उतरलास. केस पांढरे झालेत, चाल बाबांसारखी झालीय. घोट्यामुळे असेल, पण उजवा पाय तसाच ओढत आलास. मी हातातला पान्हा खाली ठेवला. खरं सांगते, मी सगळं विसरायला तयार होते. दोन पावलं पुढेही आले.

मग मागून ते दोघं उतरले. क्लबचे तुझे मित्र, टोप्या घातलेले. एकाने विचारलं, "रोहेकर, हेच का ते तुमचं जादूचं गॅरेज?"

आणि तू म्हणालास, "ही आमच्या जुन्या मिस्त्रीची मुलगी. हाताला गुण आहे."

गजानन, पहिल्या वेळी तू चोवीस वर्षांचा होतास. समोर मोठी माणसं होती, नोकरी होती. मी मनातल्या मनात तुझी बाजू कितीदा मांडली असेल, माझ्याच विरुद्ध. काल तू शेहेचाळीस वर्षांचा होतास. समोर कोण होतं? टोपीवाले दोघं. बाबांची पाटी तुझ्या डोक्यावर होती. तुझं पोरपणीचं नाव तूच खिळ्याने कोरलेलं दार तुझ्या पाठीशी होतं.

मी म्हटलं, "साहेब, चहा घेणार का?" तुझा चेहरा उतरला. तुला ते शब्द ओळखू आले. बरं झालं, म्हणजे विसरला नव्हतास.

मोतीबाई चहा घेऊन आली. तुझ्याकडे नीट बघून म्हणाली, "लइ गोरा झालास रं गजा, पुन्याच्या पान्यानं." टोपीवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं. तू हसून म्हणालास, "इकडचे लोक फार मोकळे." मोतीबाई नंतर मला म्हणाली, "इकडचे लोक म्हंजे कोन गं? त्यो तिकडचा कवापासनं?"

जाताना हळूच माझ्याजवळ येऊन म्हणालास, "शकू, समजून घे. तिथे सगळं उभं केलंय मी." समजलं. म्हणून तू आणलेली साडी परत पाठवते आहे, पार्सलने. रंग चांगला होता.

गाडी वीस जानेवारीला तयार होईल. पदूला पाठवा.

मिस्त्रीणबाई


चौक, २० जानेवारी १९८४

गजानन,

हे पत्र पदूच्या हाती देते आहे, गाडीबरोबर. गाडीला हात लावण्याआधी वाच.

गाडी पहिल्या किकमध्ये चालू होते. काल दहा वेळा मी स्वतः मारून पाहिली. उलटी येणार नाही. तुझ्या पायाला धोका नाही. सपाट रस्त्यावर ती लोण्यासारखी पळेल. झाकण उघडून बघणाऱ्याला आत सगळं कंपनीचं, पुस्तकाप्रमाणे मिळेल.

कारण बाबांची गरारी मी काढून घेतली आहे.

माझ्या पडवीतल्या भंगारात तसल्याच एका गाडीचं इंजिन होतं. त्यातली कंपनीची गरारी काढली, रॉकेलमध्ये धुतली आणि तुझ्या गाडीत बसवली. आता ती गाडी खरोखर तू सांगतोस तशी आहे. गोऱ्या कप्तानाने भेट दिलेली. तिच्यात कोंडीराम मिस्त्रीचं काही नाही. तू जे तोंडाने केलंस ते मी पान्ह्याने पुरं केलं. उलट तू माझे आभार मानायला हवेत. आता तुला खोटं बोलावं लागणार नाही.

फक्त चढण चढणार नाही. तिसऱ्या वळणावर, जिथे मुरूम सैल आहे आणि गाडी माणसाच्या चालीने न्यावी लागते, तिथे ती दम टाकेल. तू वेग घेऊन बघशील, मग चाक जागच्या जागी फिरेल. वेग सोडशील, तर बंद पडेल. दुसरा मार्ग नाही. मी हिशोब करून सांगते आहे, शाप देत नाही.

तर आता तुझ्यापुढे तीन गोष्टी आहेत. चढणीवर जाऊच नकोस. घोटा दुखतो म्हण, लोक मान्य करतील. किंवा जा आणि थांब. किंवा चढण्याआधी मला हाक मार. मी खाली असेन, बासष्ट साली बाबा उभे होते तिथेच. गरारी माझ्याजवळ पत्र्याच्या डब्यात असेल. तीन ठिपके मी पुन्हा मारले आहेत, त्यांच्याच हातोडीने, त्यांच्याच जागी. तास-दीड तासाचं काम आहे, तिथेच बसवून देईन. पण हाक सगळ्यांना ऐकू जाईल अशी मारायची, आणि पूर्ण. "शकू, आपल्या बाबांची गरारी दे." एवढंच. सहा शब्द पण नाहीत.

ही पत्रं लिहायला लागल्यापासून मला झोप चांगली लागते. याचा मला थोडा धाक वाटतो. आईला हे आवडलं नसतं. बाबांना आवडलं असतं की नाही, माहीत नाही. मी त्यांना विचारून काही करत नाहीये. त्यांनी तुला साहेब म्हणून सोडून दिलं, तो त्यांचा हक्क होता. मला कोणी तो दिलेला नाही.

शकुंतला


चौक, २९ जानेवारी १९८४

गजादादा,

तू तिथेच होतास, पण चढणीवरून तुला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला काय दिसलं ते लिहिते.

मी सकाळी आठला जाऊन उभी राहिले. मोतीबाई हट्टाने बरोबर आली होती. म्हणाली, "मी नसले तर तू रडशील नायतर मारशील." डबा माझ्या पिशवीत होता. तू मला बघितलंस. टोपीवाल्यांच्या आडून दोनदा बघितलंस. तुझा नंबर यायला दोन तास होते. दोन तास, दादा. माझ्यापासून तू तीस पावलांवर उभा होतास. एकदा पुढे निघालास असं वाटलं, आणि मी पिशवीत हात घातला. तू हेल्मेट घ्यायला वळला होतास.

मग पहिल्या किकमध्ये गाडी सुरू केलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. मी मनात म्हणत होते, थांब. आणि खालच्या मनात म्हणत होते, जा, चढ मेल्या. ते दुसरं मी कोणाला सांगणार नव्हते. लिहून टाकलं.

तिसऱ्या वळणावर आवाज बसला. चाक फिरलं, मुरूम उडाला. गाडी आडवी झाली आणि तू तिच्याबरोबर घसरत दुसऱ्या वळणापर्यंत आलास. कोणीतरी हसलं. पदू धावत गेला, मीही गेले. मोतीबाई मागून शिव्या देत. तुला लागलं नव्हतं. धूळ बसावी म्हणून मारलेल्या पाण्याच्या चिखलात बसला होतास, नुसता. टोपीवाल्याने विचारलं, "काय झालं हो?" तू त्याच्याकडे न बघता म्हणालास, "मिस्त्रीने काम बिघडवलं."

तिसऱ्यांदा. मी तेव्हा डबा उघडला.

ते म्हातारे सेक्रेटरी काठी टेकत वर आले होते. बासष्ट साली वही घेऊन उभे असलेले तेच. त्यांना ऐकू कमी येतं, पण डोळे शाबूत आहेत. मी गरारी त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर करून दात मोजले, खाचेवरून अंगठा फिरवला.

"हे तर हाताने कापलेला आहे. कोणी कापला?"

"कोंडीराम मिस्त्रींनी. चौकच्या."

"अरे, तो लंगडा माणूस! तेलाचा डबा घेऊन यायचा. काय हात होता!" मग माझ्याकडे बघून, "तू त्याची मुलगी?"

"होय."

"मुलगा नव्हता त्याला?"

या प्रश्नाचं उत्तर मी बावीस वर्षं धार लावून ठेवलं होतं. 'होता. तो काय, चिखलात बसलाय.' जिभेच्या टोकावर आलं होतं. सगळे ऐकत होते. मी तुझ्याकडे बघितलं. तुझा हात उजव्या गुडघ्यावर होता, बाबा दाबायचे तसा.

मी म्हटलं, "ते साहेबांना विचारा. त्यांना जास्त माहीत."

मला तुझी दया आली असं समजू नकोस. मी बोलले असते तर तुझी सुटका झाली असती. मला ते तुझ्या तोंडून हवं होतं.

खाली कुठलीतरी गाडी चालू होऊन बंद झाली. मग तू म्हणालास, "मी हाय."

'आहे' नाही. 'हाय'. पुण्यात इतकी वर्षं राहून तो शब्द तुझ्यात कुठे लपला होता?

सेक्रेटरी कानाला हात लावून म्हणाले, "काय बोलते?"

तुला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. "मी हाय त्यांचा पोरगा. माझ्या बापानं केलीय ही गाडी." मला ते ऐकताना इतकं बरं वाटलं की म्हाताऱ्याने तिसऱ्यांदा विचारलं असतं तरी चाललं असतं. टोपीवाला हसून म्हणाला, "काय रोहेकर, चेष्टा करता?" तू त्याला म्हणालास, "रोकडे." तो हसायचा थांबला. दुसरा दूर जाऊन सिगरेट पेटवू लागला. त्या सिगरेटची किंमत तुला पुढे कळेल. मला तिची कल्पना आहे. ती तू भरायची आहेस, मी नाही.

मग तू गरारीसाठी हात पुढे केलास. मी सेक्रेटरींच्या हातून ती घेतली आणि डबा बंद केला.

तुझा चेहरा बघून पदूसुद्धा म्हणाला, "बाई, आता द्या की." पण मी लिहिलं होतं, चढण्याआधी. तू मागितलीस ती पडल्यावर. पडल्यावर कोणीही खरं बोलतो. बाबांच्या शेजारी सात वर्षं मी कानाने रस्ता ऐकत बसले, ते एका चिखलातल्या वाक्याने फिटत नाही.

माफ केलेलं नाही. ते होईल की नाही, मलाच माहीत नाही. काल सकाळी उठले तर राग जागेवर होता, फक्त त्याला करायला काही काम नव्हतं. दिवसभर गॅरेजमध्ये भांडी वाजवल्यासारखे पान्हे वाजवत होते. शेवटी मोतीबाई म्हणाली, "जा गं बाय, त्याला लिव काय लिवायचं ते."

म्हणून लिहिते. गरारी डब्यात आहे, डबा बाबांच्या फळीवर. ती पोस्टाने येणार नाही आणि पदूच्या हातीही देणार नाही. गाडी घेऊन तू ये, एकटा, टोपीवाले न आणता. झाकण मी उघडीन, गरारी मी बसवीन. कुठल्या दातासमोर कुठला दात, ते तुला शिकायचं असेल तर जवळ उभं राहून बघावं लागेल.

आणि या वेळी दिवा तू धरायचा. हात हलला तर मी ओरडते, आधीच सांगून ठेवते.

शकू